अध्यक्षांना दारू पाजणारे डॉक्टर शेलार

डॉक्टर शेलार कुठल्याही पुरुष रोग्याला "दारू पिता का?" असं विचारत नसत. नाडी हातात धरून ते थेट विचारायचे, "रोज किती लागती?" ते मूळचे पुणतांब्याचे. श्रीरामपूरच्या आमच्या छोट्या इस्पितळात बड्या मंडळींशीसुद्धा गावच्याच बोलीत बोलायचे. परवान्याशिवाय दारू मिळण्याचे ते दिवस नव्हते, त्यामुळे सरकारदरबारी सगळा तालुका निर्व्यसनी होता. डॉक्टर म्हणत, "लाजायचं आसंल तर बरं झाल्यावर लाजा."

मी तिथे नर्स होते. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास दारूबंदी समितीचे अध्यक्ष दादासाहेब भर सभेत व्यासपीठावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून आमच्याकडे आले. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

समितीचे चिटणीस उसळले, "अहो, दारूच्या विरोधात बोलता बोलता पडलेत ते!"

"व्हय, पन किती घेऊन?"

चिटणिसांनी केसपेपरवर 'निर्व्यसनी' लिहायला लावलं. दोन-तीन दिवसांनी दादासाहेब घामाने निथळू लागले, त्यांचे हात लटलट कापू लागले. त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि त्या मुंग्यांसमोर त्यांनी भाषण सुरू केलं. चिटणिसांच्या मते ही विरोधकांची करणी होती. डॉक्टरांनी दादासाहेबांच्या पत्नीला, आक्कांना, बाजूला घेतलं.

"वैनी, आता लपवलं तर मानूस हातचा जाईल."

आक्का खाली बघत म्हणाल्या, "लई वर्सं झाली. काढ्याच्या बाटलीतनं घेत्यात. हितं कुनी आनून दिली न्हाई."

"बाहेर मेंदूज्वर सांगा," चिटणीस कुजबुजले.

"तुमी कायबी सांगा. मी सुई दारू तुटल्याचीच मारनार."

आधी ब जीवनसत्त्व, मग ग्लुकोज, मग झोपेसाठी पॅराल्डिहाइड. मी हात बांधायला पट्ट्या आणल्या, तर डॉक्टर म्हणाले, "नको. त्यो आदीच घाबरलाय." श्वास मोजत ते स्वतः खाटेशी बसले. दादासाहेब जगले.

पण पॅराल्डिहाइडचा दारूसारखा उग्र वास रोग्याच्या श्वासाला येतो. भेटायला आलेल्या कार्यकर्त्यांना तो आला आणि गावभर झालं, डॉक्टरने अध्यक्षांना दारू पाजली! समितीने निषेधाचा ठराव केला. शुद्धीवर आल्यावर त्याच्यावर पहिली सही दादासाहेबांनीच केली. विश्वस्तांनी डॉक्टरांना नारळ दिला.

एस.टी. स्टँडवर निरोपाला मी आणि आक्का, दोघीच होतो. आक्का रडत होत्या. "तुमी जीव वाचवला, आन् त्यांनी सही केली वो!"

डॉक्टरांनी विचारलं, "सही करताना हात कापत हुता का?"

"न्हाई."

"मंग औषध लागू पडलं," म्हणाले आणि राहात्याच्या गाडीत चढले.