गाडग्यातली पहिली मूठ

त्या दुष्काळात मी देवाचं धान्य चोरत होते. आमच्या गल्लीतली पहिली बी.ए., रविवारी देवळात उभी राहून मोठ्यानं बायबलचा पाठ वाचून दाखवणारी, आणि चोर. हे आजवर मी फक्त मायला सांगितलं होतं. आता सगळ्यांना सांगते, कारण त्या चोरीतूनच देवानं मला जवळ ओढलं.

मुखेडजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही दोघीच होतो, मी आणि माय. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्या साली विहिरी तळाला गेल्या होत्या. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. मी नांदेडहून पदवी घेऊन आलेली. शेजारी लातूरचा नवा जिल्हा झाला होता. तिथल्या कचेऱ्यांत माणसं लागतील म्हणून अर्ज टाकून मी घरी बसले होते. पदवीवालीनं खडी फोडू नये असं मायचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच.

मायचे दोन नेम होते. सकाळी जात्यावर बसायच्या आधी ती त्या दिवसापुरती ज्वारी मापट्यानं काढायची आणि त्यातली पहिली मूठ कोनाड्यातल्या गाडग्यात टाकायची. ती देवाची. रविवारी उपासनेला गेलं की गाडगं देवळात रिकामं करायचं. ज्या घरी चूल पेटली नसेल तिथं पाळक ते धान्य पोचवायचे, मग घर कोणत्याही जातीचं असो. दुसरा नेम संध्याकाळी, दिवा लावताना. दिवसातल्या एका तरी गोष्टीसाठी दोघींनी प्रभूचे उपकार मानायचे.

मी वैतागायची. "काय सांगू? विहीर आटली म्हणून उपकार?"

"येवढं कॉलेज शिकलीस अन् दिवसातून एक गोष्ट सापडंना तुला?" माय म्हणायची. मग स्वतःच डोळे मिटून सांगायची, "आज हातोडीचा दांडा तुटला न्हाई. उपकार, प्रभू." मला हसू यायचं आणि रागही. ज्या बाईच्या हाताला फोड आलेत तिनं दांड्यासाठी उपकार मानायचे, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात बसत नव्हतं.

मायचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, निदान दुष्काळापुरती तरी ही मूठ बंद व्हावी. पण तिला सांगायची सोय नव्हती. म्हणून ती कामावर गेली की मी गाडग्यात तळाला थोडं ठेवून बाकीचं परत ज्वारीच्या डब्यात टाकायची. देवाचं काय अडलंय एका मुठीवाचून, अशी मनाची समजूत घालायची. पंधरा-वीस दिवस हे चाललं. मला वाटायचं, मी मायला जगवते आहे.

एके दिवशी दुपारच्या आधी मी पाण्याची कळशी घेऊन तिच्या कामावर गेले. मला बघून ती उठली, दोन पावलं चालली आणि खडीवर कोसळली. तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनात. मुखेडची एसटी सकाळीच गेलेली, दुसरी थेट संध्याकाळी. बाया ओरडत होत्या. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि मनात म्हणाले, देवा, तुझ्या सगळ्या मुठी परत घे, पण मायला ठेव.

तेवढ्यात रस्त्यानं कडब्याची गाडी आली. देवणी बैलांची जोडी होती, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी वाळलेली. हाकणारा म्हातारा लिंगायत. गळ्यातलं लिंग उघड्या छातीवर दिसत होतं. कुठून तरी लांबून तो जनावरांसाठी चारा घेऊन घरी चालला होता. काय झालं ते त्यानं एका नजरेत ओळखलं आणि गाडीवर चढून पेंढ्या खाली फेकायला लागला.

"अवं बाबा, कडबा सोन्यावानी झालाय, अन् रस्त्यावर टाकून राहिलेत!" एक बाई म्हणाली.

"सोनं खात न्हाई जनावर," तो म्हणाला. "बैल उपाशी हायेत. भरल्या गाडीला पळायचे न्हाईत. धर, अक्काला वर घे."

"पण हा कडबा?" मी विचारलं.

"वापस येताना राहिला तर नेईन. न्हाई तर खाईल कोणाचं तरी जनावर. तू बस आधी."

अर्धी गाडी त्यानं बाभळीखाली उतरवली. उरलेल्या पेंढ्यांवर मायला निजवून आम्ही मुखेडला दवाखान्यात पोचलो. तिला सलाईन लागेपर्यंत तो दारात उभा होता. मग आत डोकावून म्हणाला, "भिऊ नको, बाई. हात गरम हाय तिचा." मी बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आजार काही नाही, म्हणाले. पोटात अन्न नाही. ही बाई जेवते कधी? माय मला आधी वाढायची आणि "मी कामावर खाईन" म्हणायची. ते मी खरं धरून चालले होते.

संध्याकाळी तिला शुद्ध आल्यावर मी रडत रडत सगळं कबूल केलं. वाटलं, आता ती तोंड फिरवील. ती माझ्याकडं बघत राहिली आणि हसायला लागली. सलाईनची नळी हलायला लागली इतकी.

"म्हणजे डोकं ठिकाणावर हाय माझं! गाडगं भरंनाच गं. मला वाटलं, वय झालं, मी टाकायची विसरून राहिले. म्हणून रोज दोन मुठी टाकू लागले."

मापट्यातून दोन मुठी गेल्या की पिठात माझ्या भाकरी व्हायच्या आणि तिची राहायची. मी तिला जगवत नव्हते, तिच्याच ताटातलं काढत होते. देवाची मूठ उरलेल्यातून निघते असं मी धरून चालले होते. ती मायच्या घासातून निघत होती, पहिल्या दिवसापासून.

चौथ्या दिवशी आम्ही एसटीनं घरी निघालो. बाभळीजवळ मी खिडकीतून वाकून बघितलं. कडबा नव्हता. त्यानं नेला की कोणी नेला, कळायला मार्ग नव्हता. जागेवर नुसता काडीकचरा आणि ताजं शेण पडलं होतं.

"खाल्लं गं कोणाच्या तरी जनावरानं," माय म्हणाली. "बरं झालं."

तेव्हा, कोणी न सांगता, माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "उपकार, प्रभू."

पुढं लातूरला नोकरी लागली. भाड्याच्या खोलीत मी मायला घेऊन आले, आणि ते गाडगंही. आता पहिली भाकर मायच्या ताटात पडते आणि मूठ माझ्या वाटणीतून निघते. त्यावर आम्ही बरंच भांडलो आणि एवढ्या एका बाबतीत मी जिंकले. रोज सकाळी मूठ टाकते, त्या म्हाताऱ्यासाठी आणि त्याच्या बैलांसाठी प्रार्थना करते. टाकल्यावर गाडगं किती भरलं ते डोकावून बघत नाही.