भाऊ आमच्याकडं पाणी पीत नसत

भाऊ आमच्या वाडीत कधी पाणी प्यायले नाहीत. आमदार माणूस, गावं फिरत फिरत भर दुपारी यायचे, ओठ सुकलेले असायचे, पण तांब्या पुढं केला की हात जोडायचे. तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसाला गढूळ पाण्याची धास्ती. मला आधी वाटलं, जात आडवी येतेय. मी आपली सरळ विचारून मोकळी झाले, "भाऊ, आम्हा धनगराच्या घरचं चालत नाय व्हय तुम्हाला?"

भाऊ हसले. म्हणाले, "अक्का, मी बी मेंढरामागंच वाढलोय. हा तांब्या कुठून भरून आणला ते ठाव हाय मला. वाडीत नळ येऊ द्या, मग कळशी तोंडाला लावतो." आणि गुळाचा खडा तेवढा घेतला. गूळ खाऊन वर पाणी न पिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमची वाडी करमाडच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडी आत. शहराकडं पाणी नेणारी मोठी जलवाहिनी आमच्या उंबऱ्यापुढून, जमिनीखालून जाते. रात्री जमिनीला कान लावला तर आवाज येतो, असं माझी जाऊ सखू सांगायची. मी काही लावला नाही. पाणी ऐकून करायचं काय? पावसानं तोंड फिरवल्याची ती वर्षं. टँकर आला तर आला. खरी वाडी जगली ती वाहिनीचं पाणी बंद-चालू करायच्या एका व्हॉलवर. तो गळायचा. सिमेंटच्या खड्ड्यात बारीक धार पडायची. सखूनं तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून धार बरोबर कळशीत वळवली होती. त्या खड्ड्यापाशी भांडणं झाली, सोयरिकी जमल्या, सगळं झालं.

भाऊंना आमच्यासाठी एकच गोष्ट हवी होती. त्या वाहिनीवरून वाडीला एक नळ. त्यासाठी ते मुंबईला प्रश्न मांडायचे. आमच्यात बसले की आमच्यासारखं बोलणारा हा माणूस तिथं छापील बोलायचा म्हणे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वाडीत येऊन स्वतः वाचून दाखवलं. "सदर बाब विचाराधीन आहे." आम्ही बायकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की सरकार आपला विचार करतंय. सखूनं घरात होता नव्हता तेवढा गूळ वाटला. "इतक्या वर्षांत कुणी तरी विचार केला बाई आपला," म्हणाली. भाऊंच्या हातावरही खडा ठेवला. ते खड्याकडं बघत राहिले, मग तोंडात टाकला. आमची समजूत मोडायचं त्यांच्या जिवावर आलं असणार.

पुढं दर अधिवेशनाला तेच उत्तर येत गेलं आणि आम्हाला शब्द कळला. मग तो वाडीच्या बोलण्यातच शिरला. एस.टी. कधी येणार? विचाराधीन. थोरल्याचं लग्न कधी? विचाराधीन. सखूचा नवरा जेवायला बसून भाकरीची वाट बघायला लागला की ती चुलीपासून ओरडायची, "विचाराधीन हाय, थांबा." भाऊ ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

मग एका अधिवेशनात भाऊ जरा जास्तच पोटतिडकीनं बोलले. म्हणाले, शहराचं पाणी ज्यांच्या दारातून जातं, त्या बायका गळक्या व्हॉलवर कळशा भरतात, सभागृहाला याची लाज वाटू द्या. खरंच होतं ते. दोन दिवस गेले नसतील, त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "अक्का, या खेपेला विचाराधीन नाय. कार्यवाही केली, असं उत्तर आलंय."

मी तेव्हा व्हॉलपाशीच उभी होते, रिकामी कळशी घेऊन. मी म्हटलं, "व्हय भाऊ. केली कार्यवाही. माणसं आली, गळती बंद केली, वर लोखंडी झाकण टाकलं आन् कुलूप लावून गेली."

"येतो मी," एवढं म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

अधिवेशन टाकून ते आले. झाकणापाशी उकिडवे बसले, त्यावर हात ठेवला. ऊन असं की लोखंड पोळत असणार, पण हात काढेनात. सखू काही गप्प बसणारी नाही. म्हणाली, "भाऊ, तुम्ही मुंबईला गप बसत जावा. तेवढ्यानंच आमचं लई भलं हुईल." ते म्हणाले, "खरं हाय वहिनी." मग माझ्याकडं वळून हळूच बोलले, "अक्का, गळती हा शब्द मी काढायला नको होता." त्या दिवशी गूळही घेतला नाही.

नंतरही ते भांडले. कचेऱ्यांत बसून राहिले. नळ काही विचारातून बाहेर आला नाही. शहर मात्र चालत आमच्यापर्यंत आलं. कुरणात प्लॉट पडले, तिथं पाटी लागली, चोवीस तास पाणी. माझी पोरं मेंढरं विकून बजाजनगरला कारखान्यात कामाला गेली. अर्धी वाडी तशीच उठली. भाऊ निवडणूक हरले. आमच्या वाडीचीही सगळी मतं त्यांना पडली नाहीत. सखूनं कुणाला दिलं, मी कधी विचारलं नाही.

पुढं एका उन्हाळ्यात कळलं, भाऊंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. शहरातल्या त्यांच्या घरी भेटायला गेले. माणूस गादीवर निम्मा राहिला होता. भाऊंच्या घरच्या वहिनींनी मला गार पाणी आणून दिलं. भाऊ म्हणाले, "प्या अक्का. इथं नळ हाय. मलाच डॉक्टर घोट घोट मोजून देतेत. तुमच्यावानीच झालं बघा माझं." माझ्याच्यानं पिववेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊ, वाडीत कळशी तोंडाला लावायला कधी येताय मग?"

भाऊंनी छापील आवाज काढला. "सदर बाब विचाराधीन आहे." दोघंही हसलो. मी पदर तोंडाला लावून हसले, म्हणजे चेहरा दिसू नये.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. वाडीत जी चार घरं उरली होती त्यांनी पारावर भाऊंचा फोटो मांडला. सखूनं कुणाला न विचारता फोटोपुढं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. पाणी टँकरचं होतं. मला माहीत होतं, भाऊ ते घेणार नाहीत. दिवस मावळल्यावर तिनं तांब्या उचलला. तसाच होता, काठोकाठ. पाणी फेकायची आमच्यात रीत नाही. तिनं ते शेळीला पाजलं.