चढलेली बाजू

गॅरेजात सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंतीवरची तसबीर, दुकानाची पाटी, एखाद्याच्या डोक्यावरची टोपी, काहीही तिरकं दिसलं की त्याला चैन पडत नसे. गाडी फाटकातून आत येते न येते तोच ती कुठल्या अंगाला कलली आहे हे सांगून तो मोकळा होई. मेव्हण्याबरोबर भागीत चालवलेल्या त्या गॅरेजचं नाव त्याच्या नजरेवर आणि हातावर टिकून होतं.

त्यामुळे मोजणीवाल्या बाईंची जीप आठवड्याभरातच डावीकडे झुकून परत आली, तेव्हा गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. जमीन मोजायला बाईंना आडरानात जावं लागे, म्हणून त्यांनी जीप उंच करून घेतली होती. चाकांवरचे चारही नवे पाटे, म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ओळंब्यानेच बसवल्या होत्या.

"काका, मी सारखी डावीकडे घरंगळते," बाई म्हणाल्या. "परवा घाटात जायचंय आणि दरी नेमकी त्याच अंगाला."

"डावा पाटा बसला, दुसरं काय!" मेव्हण्याने निकाल दिला. "दाजी, माल कच्चा निघाला. त्या पाटेवाल्याला आता चांगला फैलावर घेतो."

"थांब. आधी बघू दे."

ओळंब्याने जीपमधल्या लोखंडी खुंट्या, दुर्बिणीची तिवई, सगळं सामान उतरवलं. चारही चाकांतली हवा सारखी केली. जीप सपाट फरशीवर घेतली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. पुढे दोन्हीकडे सारखंच. मागे डावीकडे हवं तेवढंच भरलं. उजवीकडे मात्र जास्त. त्याने पुन्हा मोजलं.

"डावी बसलेली नाही," तो हळूच म्हणाला. "उजवी चढलीय."

"चढलीय? पाट्याला काय पंख फुटले?"

ओळंबा हसला नाही. त्याला उमगलं होतं. पाट्याच्या टोकांना रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून, तिचा भार पाट्यावर आल्यावरच आवळायचे. चाक अधांतरी असताना आवळले तर रबर तसंच जखडतं, गाडी खाली आली की पीळ खातं आणि ती बाजू वर उचलून धरतं. तीन चाकांचं काम त्याने जीपखाली आडवं होऊन रीतसर केलं होतं. चौथ्याच्या वेळी गुडघा वाकेना, म्हणून मागचं उजवं त्याने जीप जॅकवर असतानाच, बाजूने हात घालून उरकलं होतं.

गुडघ्याचं त्याने घरीदारी कुणालाच कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मेव्हण्याने त्याला खुर्ची देऊन फोन घ्यायला बसवलं असतं. गाडीखाली न जाणारा मेकॅनिक म्हणजे त्याच्या लेखी नुसता पाहुणा.

आताही गप्प बसलं की भागत होतं. पाटेवाला सरळ माणूस, त्याने मागचे दोन्ही पाटे मुकाट्याने बदलून दिले असते. ते बसवताना बोल्ट नव्याने आवळले जाणार, कलणं जाणार, कुणाला पत्ताही लागला नसता.

मेव्हण्याने फोन कानाला लावलाही होता.

"ठेव तो फोन," ओळंबा म्हणाला. "पाट्यात खोट नाही. मागचे उजवे बोल्ट मी जीप वर असताना आवळले."

"तुम्ही? थट्टा करू नका दाजी! यावरून तुम्ही आम्हाला शिव्या घालता!"

"गुडघा दुखतो. खाली गेलो की उठवत नाही."

मेव्हण्याने फोन खिशात टाकला. "ताईला माहितीये?"

"नाही."

"मग तुमची काही धडगत नाही," असं म्हणत त्याने गाडीखाली सरकायची चाकं लावलेली फळी ओढली आणि स्वतःच जीपखाली सरकला. बोल्ट सैल होताच उजवी बाजू कुरकुरत खाली आली. ओळंब्याने आणि बाईंनी मागच्या बंपरवर भार देऊन जीप हलवली, तशी ती आणखी थोडी बसली.

"आवळू?" खालून आवाज आला.

"आवळ. पान्याला झटका देऊ नकोस, दमाने."

टेप लावला तर दोन्हीकडे सारखं भरलं. बाई निघून गेल्यावर मेव्हणा हात पुसत म्हणाला, "उद्या तो टेम्पो येतोय. त्याच्याखाली मी जाईन. तुम्ही डॉक्टरकडे जायचं."

"आणि मग?"

"मग बघू."

ओळंब्याने पुढे विचारलं नाही. खुर्चीचं नाव निघालं नव्हतं, तेवढ्यावर त्याने त्या दिवसापुरतं समाधान मानलं.