रांगेच्या अलीकडची काकू

साऱ्या नागपुरात लोकशाही खऱ्या अर्थाने कुठे नांदली असेल, तर ती सक्करदऱ्याला माझ्या काकूच्या स्वयंपाकघरात, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. विधानसभा शहरात हिवाळ्यात चार दिवस भरायची, आमची बारा महिने भरलेली असायची. आमच्याकडे कुठलीही गोष्ट नुसती ठरत नसे, ती मंजूर व्हावी लागे. आज भाजी वांग्याची की भेंडीची, उन्हाळ्याचे खसाचे पडदे होळीच्या आधी लावायचे की नंतर, पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत झोपवायचं की गच्चीवर, प्रत्येक प्रश्नाला एक ठराव, एक अनुमोदक आणि हात वर करून मतदान. काकू सभापती, मी चिटणीस. मौद्याजवळच्या आमच्या गावाहून तार ऑफिसातल्या नोकरीसाठी मी काकांकडे राहायला आले, त्याच संध्याकाळी काकूने माझ्या हातात इतिवृत्ताची वही ठेवली. एकदा काकांनी स्वतःसाठी सायंकाळच्या तिसऱ्या चहाचा ठराव मांडला आणि तो पडला. काका गयावया करू लागले, पुन्हा एकदा मत घ्या म्हणाले. काकूने नियम सांगितला, की झालेला निर्णय परत उघडायचा असेल, तर जिंकलेल्या बाजूच्याच कुणीतरी मागणी करायची, हरलेल्याने नाही. जिंकलेल्या बाजूची म्होरकी म्हणजे माझी विधवा आत्या, काकांची थोरली बहीण. ती दोन महिने काकांसमोर आपला तिसरा चहा फुर्र करून पीत बसली, पण मागणी काही केली नाही.

ही काकू माँट्रियलची. काका तिकडे कापडाच्या रंगांची रसायनं शिकायला गेले होते. बर्फाच्या दिवसांत एका हॉलमध्ये शेगडी पेटलेली असते आणि चहा फुकट मिळतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. तो हॉल काकूच्या माणसांचा होता. ती माणसं ज्यू, पोलंड-रशियाकडून जीव घेऊन आलेली, कपड्यांच्या कारखान्यांत राबणारी. काकूचे वडील तिथे कोटांना इस्त्री करत, आई बाह्या जोडत असे. दिवसभर वाफेत आणि धाग्यांत राहून ही मंडळी संध्याकाळी हॉलवर जमत, मुलांना आपली यिद्दिश भाषा शिकवत, नाटकं बसवत, मार्क्सवर तावातावाने भांडत आणि मग सगळे मिळून गात. जगभरच्या कष्टकऱ्यांचे दिवस येणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसे. फक्त ते या वर्षी येणार की पुढच्या, एवढाच वाद. काका शेगडीसाठी गेले आणि गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेतली मुलगी पाहून थांबले. एकदा पोलिसांनी त्या हॉलला कुलूप ठोकलं, तेव्हा तालीम कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झाली. काकू म्हणायची, "कुलूप दरवाज्याले होतं, गळ्याले नाही." पुढे रशियातल्या जुलमाच्या खऱ्या गोष्टी बाहेर आल्या आणि हॉल उभा चिरला. जन्माच्या मैत्रिणी एकमेकींना पाहून रस्ता बदलू लागल्या. हे सांगताना मात्र काकूचा आवाज खाली यायचा आणि ती भाकरी थापायला उठायची.

ती नागपूरला निघाली, तेव्हा वडिलांनी तिला अडवलं नाही. नवरा आहे, घर आहे, अन्न मिळेल, सगळं त्यांना मान्य होतं. बंदरावर त्यांनी एवढंच विचारलं, "पण तिथे तुझ्यासोबत गाणार कोण?" हा प्रश्न काकूने आयुष्यभर पदराला बांधून ठेवला होता.

मराठी ती शिकली दारावर येणाऱ्या भाजीवालीकडून. त्यामुळे तिची मराठी अस्सल वऱ्हाडी होती, 'मी जातो' म्हणणाऱ्या तिथल्या बायकांसारखी, फक्त तिच्यातले 'र' थोडे घशातून येत. काकांच्या कॉलेजचे प्राचार्य पहिल्यांदा घरी आले, तेव्हा ती दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून गा, उभे काहून? बसा ना." एवढ्या मोठ्या विद्वानाला आजवर कुणी 'गा' म्हटलं नसावं. ते चटकन बसले आणि पुढे दर रविवारी येऊ लागले. शेजारणी तिला ख्रिस्ती समजून नाताळला शुभेच्छा द्यायच्या, तीही हौसेने घ्यायची. आत्याने एकदा सरळच विचारलं, "तुमचा देव कोनता वं?" काकूने विचार करून उत्तर दिलं, "देवासंगं आमचं भांडन आहे अक्का. पण ते घरातलं भांडन आहे. बाहेरच्यानं बोलायचं काम नाही." आत्याला हे इतकं पटलं, की त्या दिवसापासून काकूच्या देवाविषयी वाकडं बोलणाऱ्याची ती खबर घेऊ लागली.

आणि काकूने गाणाऱ्या बायका जमवल्या. त्यात दोन नर्सबाया होत्या, एक शाळामास्तरीण, विणकर वस्तीतल्या तिघी, विड्या वळणाऱ्या दोघी, मी, आत्या आणि स्वतः काकू. अकरा जणी. बेसूर म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही, हा तिथला पहिला नियम, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा आत्याला झाला. आत्याकडे एकच स्वर होता. गाणं कुठेही जावो, ती त्या स्वरावर ठाण मांडून बसायची. मी तक्रार केली तर काकू म्हणाली, "एकटं माणूस बेसूर राहते. अकरा जनी राहिल्या की त्याले साथ म्हनतात." आमचं मुख्य गाणं तिच्या वडिलांनी इस्त्रीच्या टेबलापाशी रचलेलं होतं. दोन कडवी आम्ही यिद्दिशमध्ये घोकून पाठ केली, अर्थ काकूने सांगितला, आणि तिसरं कडवं आत्याने आपल्या मनाने जोडलं:

"कापड कोनाचं वं बाई, कापड कोनाचं?
ज्याच्या बोटाले सुई टोचली, त्याचं वं, त्याचं!"

काकूने ते ऐकलं आणि आत्याला मिठीच मारली. आत्या कुणी अंगाला हात लावलेला खपवून घेत नसे, त्या दिवशी तिने घेतला. मला तर वाटलं, त्या दोघींच्यामध्ये आता समुद्र वगैरे काही उरलेला नाही.

काकूचा आणखी एक नियम होता, आणि तो मात्र ठरावाने झालेला नव्हता. संपावर बसलेल्या माणसांची रांग ओलांडायची नाही. लहानपणी आईचं बोट धरून ती कारखान्याच्या फाटकावर बर्फात उभी राहिली होती, आणि आत जाणाऱ्या बायकांत शेजारची एक ओळखीची बाई होती, ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. सायकलरिक्षावाल्यांचा संप असताना ती आणि मी स्टेशनवरून आत्याची ट्रंक दोन्ही कड्यांना धरून सक्करदऱ्यापर्यंत आणली. वाटेत एक चोरून चालवणारा रिक्षावाला भेटला, तर काकूने त्यालाच रिक्षातून उतरवून पाणी पाजलं आणि संपाचं महत्त्व समजावलं. ट्रंकेत आत्याने गावाहून आणलेला पाटा होता, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

मग एके वर्षी कॅनडाहून काकूच्या बहिणीचं पत्र आलं. वडील अंथरुणाला खिळले होते, नजर गेली होती, पण कान शाबूत होते. काकूने पत्र घडी करून ठेवलं आणि संध्याकाळच्या सभेत सांगितलं, की आपलं गाणं टेप करून पाठवायचं आहे. ठराव एकमताने झाला. काकांनी कॉलेजचा टेपरेकॉर्डर एका रविवारपुरता मिळवला, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. त्यांचा एक विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनडाला निघणार होता, तो टेप नेणार होता. घरी रस्त्याचा आवाज फार, म्हणून शहरातला एक हॉल दुपारी दोन तासांसाठी घेतला. महिनाभर आम्ही रोज तालीम केली. आत्याने ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. टेपमध्ये लुगडं दिसत नाही हे तिला कुणी सांगितलं नाही.

हॉलपाशी पोचलो तर फाटकासमोर पोती अंथरून दहाबारा माणसं बसलेली. झाडूवाल्या, खुर्च्या लावणारे, पडदा ओढणारा म्हातारा, सगळे हॉलचेच कामगार. त्याच सकाळी संप सुरू झाला होता. काकू फाटकापासून चार हात अलीकडे थांबली. टेपरेकॉर्डर छातीशी धरून काका घामाघूम झाले होते. ते हळूच म्हणाले, "मागचं दार उघडं आहे. अर्ध्या तासाचं काम. कोणाला कळणारही नाही."

"मले कळंल ना गा," काकू म्हणाली.

आणि मग तिने ती चूक केली. तिच्या वडिलांच्या हॉलमध्ये या गोष्टीवर कधी कुणी मत घेतलं नसतं, पण काकूचा आमच्यावर फार विश्वास होता. तिने तिथेच सभा भरवली. थोरली नर्सबाई म्हणाली, "म्हातारा माणूस तिकडे वाट पाहून राहिला बाई. उद्याचं कोन पाह्यलं. आम्ही त्याच्यासाठी आत जातो." दहा हात वर झाले. त्यात आत्याचा होता. त्यात माझाही होता, आणि त्याची लाज मला अजून वाटते. विरोधात एकटी काकू.

तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. "ठराव मंजूर. लिही," ती मला म्हणाली. मी लिहिलं. "आता जा तुम्ही. बहुमत आहे. मी इथंच थांबतो. तुमच्यावर रागावली नाही."

"काकू, तुझ्याशिवाय आम्ही काय गाणार? ठराव परत घे ना!" मी म्हणाले.

"मी हरली ना वं. हरलेल्याले उघडता येत नाही."

डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी नियम सोडायला तयार नव्हती ही बाई. टेप उद्या जाणार, वडील किती दिवसांचे ठाऊक नाही, आणि ती आपल्याच नियमांच्या दोन भिंतींमध्ये अडकून रस्त्यावर उभी होती. आम्हाला पुढे जाववेना, मागेही येववेना. तेवढ्यात आत्या आपलं ठेवणीतलं लुगडं सावरत फाटकाशी गेली आणि पोत्यावर बसलेल्या एका झाडूवालीसमोर उकिडवी बसली.

"काहून बसले वं बाई उन्हात?"

"माह्या जोडीची पोरगी सात महिन्यांची पोटुशी आहे माय. एक दिवस चक्कर आली तर कामावरून काढून टाकली. तिले परत घेत नाही तोवर उठत नाही आम्ही."

आत्या गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि परत आली. आजवर सभेला ती नाकं मुरडत बसायची, वहीला 'कागदं' म्हणायची. पण कानांनी सगळं टिपलं होतं तिने, वही हातात असून मला सुचलं नव्हतं तेही.

"चिटणीस," ती मला म्हणाली, "लिही. मी जिंकलेल्यातली आहे. मी तो ठराव उघडतो. अन् दुसरा मांडतो. आत नाही जायचं. इथंच गायचं."

अनुमोदनासाठी दहा आवाज एकदम आले. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने दुकानातून वायर ओढून दिली, काकांनी टेपरेकॉर्डर त्याच्या स्टुलावर ठेवला. काकूच्या पद्धतीप्रमाणे आधी हजेरी झाली. प्रत्येकीने आपलं नाव आणि काम टेपमध्ये सांगितलं. आत्या म्हणाली, "काम काय इचारता, सकाळी उठल्यापासून तेच करून राहिली." मग काकूने हात वर केला आणि आम्ही गायला लागलो. मध्ये एक गाय हंबरली, सायकलच्या घंट्या वाजल्या, कुणीतरी "बाजूले व्हा" म्हणून ओरडलं. तिसऱ्या कडव्याला संपावरची माणसं उठून उभी राहिली आणि "त्याचं वं, त्याचं" तीही म्हणू लागली. आम्ही इतकं वाईट कधी गायलो नव्हतो, आणि मला स्वतःचा इतका अभिमानही पुन्हा कधी वाटला नाही.

दीड महिन्याने बहिणीचं पत्र आलं. काकूने ते सभेत वाचून दाखवलं. वडिलांनी टेप ऐकताना मध्येच विचारलं होतं, हा गोंधळ कसला? बहिणीने सांगितलं, की हॉलवर संप होता, म्हणून त्या आत गेल्या नाहीत, रस्त्यावर गातायत. म्हाताऱ्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मग सूर बरोबर लागलाय." आणि त्याने गाणं नाही, हजेरी पुन्हा लावायला सांगितली. अकरा नावं तो रोज ऐकायचा, टेपसोबत स्वतःही म्हणायचा आणि शेवटी आपलंही नाव आणि काम सांगायचा. आत्याचं नाव त्याला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. हे पत्र लिहिलं तेव्हा तो गेलेला होता.

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर त्या साऱ्या वह्या काकांनी माझ्याकडे दिल्या, चिटणीस म्हणून. मंजूर झालेलं इतिवृत्त खोडायचं नाही, या बाबतीत काकू फार कडक होती. एकदा मी तारखेतला आकडा दुरुस्त केला, तर तिने मला सभेपुढे उभं केलं होतं. सगळ्या वह्या मी चाळल्या, कुठेही एक खाडाखोड नाही. फक्त त्या रविवारच्या पानावर, जिथे माझ्या अक्षरात 'उपस्थित: अकरा' असं लिहिलं होतं, तिथे 'अकरा' वर एक रेघ मारलेली आहे आणि शेजारी काकूच्या वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं आहे, 'बारा'.