सुचेताने विचारलं तेव्हा

बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सुचेता आणि तिची आई, मालतीबाई, दोघीच राहायच्या. वडील कारखान्यात फोरमन होते. ते गेल्यावर सुचेताला तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. तिशी उलटली होती. चारचौघांत ती फारसं बोलायची नाही. लोक त्याला शिष्टपणा समजायचे आणि ती समजू द्यायची.

उदयची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात झाली. तो अरेरा कॉलोनीतल्या एका बँकेत होता. तो स्टेजवर असायचा, ती विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची. एका तालमीनंतर तो म्हणाला की तुमचा आवाज कानाशी असला की भीती वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचे मेसेज सुरू झाले.

मेसेजमध्ये तो 'तू' म्हणायचा, मंडळात सगळ्यांसमोर 'तुम्ही'. कधी सकाळ-संध्याकाळ बोलायचा, कधी आठवडाभर गप्प. मग 'क्या हाल है, मॅडम?' म्हणत हजर, जणू कालच बोललो होतो. एकदा त्याने तिला मोठ्या तलावावर बोलावलं. ती आईची मोरपंखी साडी नेसून गेली, तर तो बँकेतल्या मित्रांच्या घोळक्यात उभा. तासभर ती ओठांवर हसू धरून राहिली. पण नंतर सगळ्यांना सोडून तो तिला पोचवायला आला आणि फाटकाशी म्हणाला, "तू आलीस म्हणून आजचा दिवस चांगला गेला."

त्या एका वाक्यावर तिने पुढचे कितीतरी दिवस काढले.

हे कुणाशी बोलावं असं तिला सुचलंच नाही. ती उत्तरं लिहायची आणि पुसून टाकायची. फोन कपाटात साड्यांखाली ठेवून स्वयंपाकाला लागायची, आणि फोडणी घालून झाली की परत कपाट उघडायची. मालतीबाई बघत होत्या, विचारत नव्हत्या.

दिवाळीनंतर पुन्हा एक लांबलचक शांतता गेली आणि उदयचा मेसेज आला: फार आठवण येते. या वेळी तिने उत्तर लिहिलं नाही. बँक सुटायच्या वेळी ती अरेरा कॉलोनीत जाऊन उभी राहिली. तो तिला चहाच्या दुकानात घेऊन गेला आणि बँकेतल्या गमती सांगू लागला. तिने त्या ऐकून घेतल्या. मग कपाकडे बघत म्हणाली,

"मी तुमची कोण?"

त्याने कप बाजूला सरकवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. तू असलीस की बरं वाटतं. पुढचा विचार मी नाही केला."

"मी केलाय," ती म्हणाली. "म्हणून आता आठवण आली तरी कळवू नका."

बसमध्ये तिला रडू आलं नाही. मोकळं वाटलं आणि त्याच वेळी माघारी जावंसंही वाटलं. घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मालतीबाईंनी ऐकलं आणि तिला जेवायला वाढलं.

उदयने तिचं म्हणणं पाळलं. त्याने ते इतक्या सहज पाळलं, हेच तिला जास्त लागलं. पुढे त्याची बदली जबलपूरला झाल्याचं मंडळात कळलं. अजूनही बँक सुटायच्या वेळी प्रयोगशाळेत तिचा हात क्षणभर थांबतो. तो आता घरी निघाला असेल, असं वाटतं. मग ती पुढची नोंद करते.