शिंगाडे मी सोडवले होते

वहिनी गेल्याची खबर फुलचूरला आली तेव्हा मी शिंगाडेच सोलत बसलो होतो. उकडलेल्या सालींनी बोटं काळी झालेली आणि दारात पुतण्या. "काकाजी, आई गेली." मी त्याला बसही म्हटलं नाही. हातातला शिंगाडा कुठे ठेवावा, तेच सुचेना...

तेरवीला शास्त्रीबुवांनी सगळ्यांना सांगितलं की, या माउलीनं काशीला सोडलेला शिंगाडा वीस वर्षं जिभेला लावला नाही, याला म्हणतात त्याग. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझं मात्र डोकं फिरलं. वहिनींनी शिंगाडा सोडलाच नव्हता. तो मी सोडवला होता, आणि तोही थट्टेत.

वहिनींचं शिंगाड्याचं वेड गावभर ठाऊक होतं. गावच्या बोडीवरून, म्हणजे तळ्यावरून, शिंगाडे विकणाऱ्या ढिवरणीची टोपली अंगणात आली की चुलीवरची भाजी करपली तरी यांना पत्ता नसे. मग आम्ही काशीला गेलो. गोंदियाहून छोट्या गाडीनं जबलपूर आणि तिथून पुढे. तिथे आवडीचं एक काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं असतं. दादांनी कारलं सोडलं, जे त्यांनी कधी ताटात पडू दिलं नव्हतं. मी सफरचंद सोडलं. तोवर ते मी फक्त चित्रात पाहिलं होतं. "बहू क्या छोड़ेगी?" पंड्यानं विचारलं. वहिनी विचारात पडल्या, आणि माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, शिंगाडे सोडा, म्हणजे आम्हांला तरी चार उरतील. पंड्यानं लगेच त्यांच्या हातावर पाणी घातलं, संकल्प सांगून मोकळा झाला. सगळे हसले. मी सर्वांत जास्त. परतीच्या गाडीत वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी हासून मोकळे झाले. मी बांधल्या गेली."

पुढे दर एकादशीला आमच्या घरचा उपास शिंगाड्याच्या शिऱ्यानं व्हायचा. दादा दोनदा मागून घेत, मी तीनदा. करायच्या वहिनी. हंगामात सोलून द्यायच्याही त्याच, आणि सोललं की बोटं नाकाशी न्यायच्या. मला वाटे, कुजका तर नाही ना, ते पाहतात. मी म्हणायचोही, "वहिनी, नाक चांगलं तेज आहे तुमचं." शहाणपणाची माझी पातळी ही.

मी तोवर फुलचूरला वेगळा राहत होतो; वहिनी जाण्याच्या चार दिवस आधी दादांच्या घरी भेटायला गेलो. आवाज पार खोल गेला होता. म्हणाल्या, "यंदाचे शिंगाडे गोड हायेत काय जी?" मी हो म्हटलं. "मंग एक द्या ना मले." दादा खाटेशीच होते. आता शेवटाला व्रत मोडलं तर पुण्य जाईल म्हणाले. मला त्यांना विचारायचं होतं, कोणाचं पुण्य, कारल्याचं की सफरचंदाचं? विचारलं नाही. उलट मीच वहिनींना समजावलं की, इतकी वर्षं पाळलंत, आता कायले मोडता? त्या म्हणाल्या, "मी कुठी पाळलं, भाऊजी? तुमी सोडवलं, तुमीच सोडा आता."

तेव्हा तरी अंगणातली टोपली गाठायची! पण नाही. हा पढतमूर्ख गोंदियाला शास्त्रीबुवांकडे गेला. त्यांनी पोथी उघडून सांगितलं, उद्यापन करता येईल, पण एकादशीला. एकादशीला पाच दिवस होते. मी थांबलो. वहिनी चार दिवस थांबल्या.

खबर आली तेव्हा माझ्या हातातले शिंगाडे त्यांच्यासाठीच होते. उद्या सकाळी न्यायचे म्हणून सोलत होतो.

आणि तेच शास्त्रीबुवा तेरवीला त्याग शिकवतात! ज्यानं सोडायचं त्याला कोणी विचारलंच नाही, तर त्याला त्याग म्हणायची लाज वाटायला हवी. वहिनींच्या नावानं मीही काहीतरी सोडावं, असं दादांनी सुचवलं. मी म्हटलं, दादा, आता माझ्याकडून कोणाचं काही सोडवू नका.

काल ढिवरीण येऊन गेली. उकडले, सोलले, आणि कसे कोण जाणे, बोटं नाकाशी गेली. कुजकं काही नव्हतं.