तपासून घेतलेलं पेन

"राहू द्या, परत बघू."

चाकणच्या आमच्या कंपनीत हे वाक्य दिवसातून वीसेक वेळा ऐकू यायचं. आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो ते खिडकीच्या उजेडात उभे, एका हातात गिअर, दुसऱ्या हातात भिंग, आणि सबंध लॉट त्यांच्या 'हूं'साठी खोळंबलेला. क्वालिटीत आम्ही आठजण होतो, पण काकांची सही असलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आल्याचं मला आठवत नाही.

ती सही शाईच्या पेनाची असायची. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सगळे हाताला येईल त्या पेनाने लिहितात, आणि हा दर सोमवारी डबा खाऊन झाला की बेसिनपाशी पेन धूत उभा. काका मूळचे लातूरकडचे. तीस वर्षं इथे काढूनही बोलण्यातलं 'लई' आणि 'करायलाव' गेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर एकच फोटो मोठा करून बघायचे. काळ्या लाखेचं पेन, टोपणावर सोनेरी बगळा. "जगात मोजकीच केलीत, ताई. लिमिटेड एडिशन."

"घ्या की मग."

"घ्यायचं न्हाई ओ. नुसतं बघायलोय."

ते निवृत्त व्हायच्या वर्षी काकूंनी हा विषय आपल्या हातात घेतला. मुलीचं लग्न झालं होतं, रहाटणीतल्या फ्लॅटचं कर्ज फिटलं होतं. मी शेजारच्याच सोसायटीत राहते. एका रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. "पेन घ्यायला पुण्याला निघालोय, तूही चल. माझं एकटीचं ऐकायचे नाहीत, काचेबाहेरून बघून परत येतील."

दुकानातल्या विक्रेत्याने मखमलीच्या तबकात पेन आणून ठेवलं. काकांनी रुमालाने हात पुसले. मग खिशातून भिंग काढलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ गेला कोण जाणे.

"निबेचं एक पातं किंचित वर आलंय," काका म्हणाले.

"सर, ही लिमिटेड एडिशन आहे. एवढं एकच पीस आलंय आमच्याकडे."

"मोजकीच करायची, तर नीट बघून करायची होती."

शाईत बुडवून त्यांनी कागदावर एक रेघ ओढली. मलासुद्धा खरखर ऐकू आली. लहान बाळाला पाळण्यात ठेवावं तसं त्यांनी पेन तबकात ठेवलं. "राहू द्या," म्हणाले, आणि बाहेर पडले.

परतताना आम्ही मेट्रोत बसलो. कासारवाडी गेल्यावर काकू म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या मालात खोट काढलीत. ते तुमचं कामच होतं. आज स्वतःच्या आनंदातही काढलीत."

काका हळूच म्हणाले, "खोट होती, पण."

"होती ना. मग नीट करून घ्यायची. सबंध वस्तू भंगारात कशाला टाकायची?"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण काका हसायला लागले. "आमच्याकडं त्याला रीवर्क म्हणतात." पिंपरीला आम्ही उतरलो आणि जिना उतरून-चढून उलट्या दिशेची गाडी पकडली.

या वेळी दुकानाचे मालक स्वतः आले, काकांच्याच वयाचे. निब निरखून ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मग दोघेजण डोक्याला डोकं लावून बसले. मालकांनी अंगठ्याच्या नखाने पातं अलगद दाबायचं, काकांनी भिंगातून बघायचं, रेघ ओढायची, मान हलवायची. मी आणि काकू स्टुलावर बसून दोनदा चहा प्यायलो. शेवटी काकांनी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. काहीही खरखरलं नाही. "हूं," ते म्हणाले.

निरोपसमारंभानंतर चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. काका सोफ्यावर लसूण सोलत होते, आणि ते पेन काकूंच्या हातात होतं. वाणसामानाची यादी चालली होती.

मी बघतच राहिले. काका म्हणाले, "एक दिवस तिनं सहज घेतलं लिहायला. आता निब तिच्याच हाताला लागलीय. माझ्या हातात वळतच न्हाई."

"वाईट नाही वाटत?"

"कशाचं? लई छान चालायलंय की. बघा."

काकूंनी यादी माझ्याकडे सरकवली. शेवटच्या ओळीवरची शाई अजून ओली होती. इतका देखणा 'साबुदाणा' मी आजवर पाहिला नव्हता.